एकशे अठरा अंशांचा हट्ट

१९ जानेवारी १९१४, सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटे. काहिलीतला पाक एकशे सोळा अंशांवर होता आणि गुळव्या सांगत होता की काहील आता उतरवा.

ही नोंद माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. तिच्यापुढे मी एकच शब्द लिहिला आहे, "नाही". घाईत लिहिलेल्या त्या पानावर तेवढा एक शब्द अतिशय वळणदार आला आहे.

गडमुडशिंगीला माझ्या मामांचे गुऱ्हाळ होते. काहील म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी उथळ लोखंडी कढई. ती तापवणाऱ्या चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत होती, आणि काहिलीच्या कड्यांतून बांबू घालून ती उचलायला चार गडी तयार उभे होते. गुळव्या म्हणजे पाक केव्हा झाला हे ठरवणारा कारागीर. आमचा गुळव्या मुरगूडचा, साठीचा, मुसलमान गृहस्थ होता. त्यांना सगळे गाव चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांनी गार पाण्याच्या वाटीत थोडा पाक टाकला, बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि ती पितळीच्या काठावर आपटली. टण्ण असा आवाज आला.

"बाईसाब, गोळी वाजली. उतरा म्हनतोय न्हवं."

"चाचा, अजून दोन अंश आहेत."

"अंश तुमच्या कांडीत हायत. पाक काहिलीत तयार हाय."

माझा उष्णतामापक मी एका कळकाला बांधून पाकात सोडला होता. गुऱ्हाळात त्याला सगळे कांडीच म्हणत. बांबू धरलेल्यांपैकी एक जण हसला आणि म्हणाला, "कांडी आजून कच्ची हाय वाटतं, चाचा!" मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "ह्ये आधण तिचं हाय. तिला करू द्या." आधण म्हणजे एका वेळी चढवलेला काहीलभर रस. ते आधण माझे होते आणि आदल्या दिवशीचे चाचांचे. ऊस एकाच शेतातला, तोडही एकाच दिवशीची.

ही शर्यत मीच मागून घेतली होती. मुंबईच्या कॉलेजातून शास्त्राची पदवी घेऊन मी घरी परतले होते, आणि परदेशी जाऊन रसायनशास्त्र शिकण्यासाठी दरबारची एक शिष्यवृत्ती त्या वर्षी जाहीर झाली होती. शिष्यवृत्ती एक आणि अर्जदार दोन. दुसरा अर्जदार कातडी कमावण्याच्या विद्येवर काम करणारा एक तरुण होता. संस्थानातल्या एखाद्या धंद्याला उपयोगी पडेल असे काम प्रत्यक्ष करून दाखवावे, अशी अट होती. मी गूळ निवडला. माझे म्हणणे असे की, पाक उतरवण्याची वेळ हा हातगुणाचा भाग नसून आकड्याचा आहे. मुंबईत प्रयोगशाळेच्या लहान भांड्यात मी उसाचा रस आटवला होता आणि एकशे अठरा अंशांवर उत्तम गूळ मिळवला होता. शेतकी खात्याचे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येऊन दोन्ही रवे, म्हणजे गुळाच्या दोन्ही ढेपा, फोडून पाहणार होते. माझा रवा निदान चाचांच्या तोडीचा ठरला, तर ते माझी शिफारस करणार होते. न ठरला, तर शिष्यवृत्ती गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण शर्यत ठरली त्या दिवशी, चाचा चार हातांवर उभे असताना, मी मामांना म्हणाले होते, "आकडा एकदा हाती आला की पुढच्या हंगामात गुळव्या नसला तरी चालेल." चाचा रसावरची मळी काढत होते, ती काढतच राहिले.

नऊ वाजून सत्तावीस मिनिटांनी पारा एकशे अठराला टेकला. मी हात वर केला. काहील उतरली, पाक निववण्याच्या उथळ वाफ्यात ओतला गेला, आणि तो घोटायला लागताच माझ्या लक्षात आले की काहीतरी चुकले आहे. चाचांच्या पाकाला आदल्या दिवशी पिवळ्या शेवंतीचा रंग आला होता. माझा पाक तपकिरी होता. त्याला करपल्याचा वास येत होता, आणि साच्यात भरताना तो फावड्याला असा चिकटत होता की गडी एकमेकांकडे पाहू लागले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मी वही मिटली आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसले.

माणूस इतका चढाओढीला का पेटतो, हा प्रश्न मला त्या काठावर प्रथम पडला. तोवर मी त्याला प्रश्न समजतच नव्हते. आपली हुशारी आणि आपली ईर्षा या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत, असे माझे ठाम मत होते. आता मी माझ्या ईर्षेकडे एखाद्या अनोळखी क्षाराकडे पाहावे तसे पाहू लागले. हा पदार्थ कशाचा बनला आहे? तो आनंदाचा असेल, तर जिंकल्यावर आनंद मिळायला हवा. पण पुरावा याच्या उलट होता. इंटरच्या परीक्षेत पहिली आल्याची तार मला दुपारी दोनला मिळाली आणि तीनच्या आत मी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला किती गुण पडले याची चौकशी करत होते. पदवीच्या वेळी तर तेवढाही वेळ लागला नाही. जिंकण्याची मला गोडी नव्हती. हरण्याची भीती होती, आणि जिंकल्यामुळे ती थोडा वेळ लांबत होती, इतकेच.

या भीतीचे मूळही मला फार शोधावे लागले नाही. आमच्या घरी वडील आणि भाऊ आधी जेवत, आई आणि मी मागाहून. मी आठ वर्षांची असताना एकदा हट्ट केला की मलाही वडिलांच्या पंगतीला बसायचे आहे. वडील शाळामास्तर होते. ते म्हणाले, "वर्गात पहिला नंबर काढ. जितके दिवस पहिली राहशील, तितके दिवस माझ्या पंगतीला." त्यांनी हे कौतुकाने म्हटले होते आणि शब्द अक्षरशः पाळला. सहामाहीला मी पहिली आले आणि भावाच्या शेजारी माझा पाट मांडला गेला. माझ्या भावाला त्या पाटासाठी काहीच करावे लागत नव्हते. तो वर्गात पंधरावा होता आणि त्याचा पाट तेथेच होता.

एकदाच मी दुसरी आले. शुद्धलेखनात दोन गुण गेले होते. त्या दिवशी कोणी मला रागावले नाही. फक्त पाट मांडला गेला नाही. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसले. आईने तव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आज माझ्याजवळ बसलीस." ती मनापासून म्हणत होती. भाकरी गरम होती, फुगलेली होती, आणि वडिलांच्या पंगतीला पोहोचेपर्यंत ती तशी कधीच राहत नसे. पण मला तिची चव आठवत नाही. मला आठवते ते एवढेच की पुढच्या सहामाहीपर्यंत किती दिवस उरले, हे मी घास चावताना मोजत होते.

ज्याची जागा मुळात पक्की असते तो खेळतो. ज्याला ती दर सहामाहीला नव्याने मिळवावी लागते तो लढतो, आणि मग समोर कोण आहे याचा विचार न करता लढत राहतो. साठी गाठलेल्या त्या माणसाशी माझे वैर काय होते? काहीच नव्हते. पहिला नंबर त्यांच्याकडे होता, एवढा एकच त्यांचा अपराध.

हे सगळे कळले म्हणून शिष्यवृत्ती परत येणार नव्हती. मी उठले आणि मला येणारी एकमेव गोष्ट करायला लागले. चूक कोठे झाली ते शोधू लागले.

प्रथम संशय उष्णतामापकावर आला. तो तपासण्याची रीत सोपी आहे, नुसते पाणी उकळून पाहावे. मुंबईत मी स्वतः तो तसा तपासला होता आणि पारा बरोबर शंभरावर थांबला होता. दुपारी चुलवाणाच्या तोंडाशी एका तपेल्यात पाणी ठेवले. पाणी खळखळून उकळले तरी पारा अठ्ठ्याण्णवावर उभा होता. मी पाणी बदलले. अठ्ठ्याण्णव. तपेले बदलले. अठ्ठ्याण्णव.

आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. मुंबई समुद्रकाठी आहे आणि आम्ही घाटावर. जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेवर उकळते. जे पाण्याचे, तेच पाकाचे. समुद्रकाठच्या एकशे अठराची जागा येथे एकशे सोळा घेते. या विषयावर पदवीच्या परीक्षेत प्रश्न होता. मी तो आकृतीसह सोडवला होता आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. गुण मिळाल्यावर ते ज्ञान मी बहुधा परीक्षकालाच परत करून आले होते. चाचांनी बरोबर एकशे सोळावर "उतरा" म्हटले होते, पाऱ्याकडे न पाहता.

कारण सापडले, पण त्याने मन शांत झाले नाही. उलट आता नवाच विचार सुरू झाला. आकडा चुकला असला तरी माझा सिद्धान्त खरा होता. मग एका क्षुल्लक दुरुस्तीसाठी शिष्यवृत्ती का जावी? दिवस कलला होता. गडी बैल सोडून गेले होते. खोपीत दोन्ही रवे शेजारीशेजारी होते आणि साहेबांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या त्यांना लावल्या होत्या. चाचांच्या रव्याला एक, माझ्या रव्याला दोन. मी चिठ्ठ्या बदलल्या.

हे लिहायला मला तीन शब्द लागले. करायलाही तेवढाच वेळ लागला.

मागे चाचा उभे होते. नमाज आटोपून ते पाण्याची कळशी घेऊन आत येत होते. त्यांनी कळशी खाली ठेवली, दोन्ही रव्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "बाईसाब, एकाच्या जागी दोन आन दोनाच्या जागी एक. आकडं मला बी येत्यात."

मला वाटले की जमीन दुभंगावी. मी काही तरी बोलू लागले. त्यांनी हाताने थांबवले.

"ऱ्हाऊ दे की तसंच. तुमचं काम हुईल. माझा गूळ तुमच्या नावानं ग्येला म्हनून कडू न्हाय लागायचा."

"चाचा, तुम्हाला राग नाही आला? पुढच्या हंगामात गुळव्या नको, असं मी तुमच्या देखत म्हणाले."

"आला हुता की. लई आला हुता. रातभर बायकूला शिव्या घातल्या. ती म्हनली, मला का घालतायसा, त्या पोरीला घाला जावा." ते हसले आणि खाली बसले. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोके पांढुरकी आणि गुळगुळीत होती, घासून गेलेल्या दगडासारखी. "हिकडं बगा. चाळीस हंगाम उकळत्या पाकात घातलीत. आता मेलीत ही. गोळी वळती का न्हाय, कायबी कळत न्हाय मला. नुसत्या आवाजावर चाललंय. आन कान बी किती दिस ऱ्हानार? कुनाला सांगितलं न्हाय. सांगितलं तर गुऱ्हाळवालं म्हनत्याल, चाचा संपला."

मी वाकून ती बोटे पाहिली.

"सकाळी मी 'उतरा' म्हनलं तवा तुमचा पारा कुठं हुता, त्ये मी नंतर इचारनार हुतो. कान ग्येलं तर त्यो आकडा तरी कामाला यील म्हनून. तुम्ही रागानं ग्येला हिरीवर. म्हनून न्हाय इचारलं."

ज्या माणसाला हरवण्यासाठी मी महिनाभर धडपडत होते, तो माझ्या कांडीची वाट पाहत होता. मी विचारले, "पण चाचा, शर्यत लागली होती ना आपली?"

"तुमची लागली हुती. मी कुनासंगं लावू? ऊस रोज येगळा येतो, बाईसाब. पान्याकाठचा येगळा, माळावरचा येगळा. त्येच्याशीच निभंना."

मी उठून चिठ्ठ्या पुन्हा मूळ जागी लावल्या. त्या क्षणी मला पश्चात्ताप वाटायला हवा होता, आणि तो वाटलाही, पण तो प्रथम आला नाही. प्रथम आला तो सुटकेचा निःश्वास. पायात घट्ट झालेला जोडा दिवसाअखेर काढावा तसे काहीतरी झाले. उद्या मी हरणार हे आता नक्की होते, त्यामुळे उद्याची भीतीच उरली नव्हती. मी चाचांना पाण्याचे, घाटाचे आणि दोन अंशांचे सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे ममईचं पानी येगळं उकळतं. ऊसच येगळा नसतो तर! बरं झालं, सांगितलं."

सकाळी साहेब आले. दोन्ही रवे फोडले, वास घेतला, खडा जिभेवर ठेवला.

"हा दोन क्रमांकाचा कोणाचा?"

"माझा."

"पाक लागला आहे."

"होय. त्याचे कारण मला सापडले आहे." मी कारण सांगितले, पाण्याची नोंद दाखवली, आणि चाचांनी एकशे सोळावर काहील उतरवायला सांगितले होते हेही दाखवले. त्या पानावर "नाही" हा शब्द होता. साहेबांनी तो वाचला. चिठ्ठ्यांची गोष्टही मी सांगितली. ती सांगितली नसती तरी चालले असते, पण सुटका अर्धी ठेवण्यात अर्थ नव्हता.

साहेब बराच वेळ वही चाळत होते. "कारण सापडल्याने गूळ सुधारत नाही, बाई. एक चूक आणि तिचे एक स्पष्टीकरण, एवढ्यावर मी शिफारस करू शकत नाही. हंगाम संपेपर्यंत नोंदी ठेवा, मग पाहू. दरबारचा निर्णय मात्र त्यासाठी थांबणार नाही."

"ठेवते," मी म्हणाले. साहेबांच्या मागे मामा उभे होते. मी रडते आहे का, ते पाहत होते. मी चुलवाणाकडे पाहत होते. पुढचे आधण चढत होते आणि पारा कोठे जातो ते मला पाहायचे होते.

त्यानंतर दोन महिने मी गडमुडशिंगीलाच राहिले. रीत अशी ठरली की चाचा आवाजावर "उतरा" म्हणतील आणि त्याच क्षणी मी पारा वाचीन. दोघांनीही एकमेकांना आधी काही सांगायचे नाही. आकडे एकशे पंधरा ते एकशे सतरा यांच्यात फिरत राहिले. माळावरच्या उसाला थोडे कमी, पाण्याकाठच्या उसाला थोडे जास्त. हा फरक कोणत्याही पुस्तकात नव्हता. चाचांना तो माहीत होता, पण त्यांच्याकडे त्याला आकडा नव्हता. दिवस असे गेले की वहीत डाव्या बाजूला त्यांचा शब्द आणि उजव्या बाजूला माझा आकडा, आणि जिंकण्यासारखे त्यात कोणालाच काही नव्हते. मला झोप चांगली लागू लागली. मामी म्हणाल्या की मी आता घास चावून खाते.

मधल्या काळात चाचांनी मला गोळी वळायला शिकवले. पहिले आठ दिवस बोटे भाजली. "मरूस्तवर भाजायची न्हाईत," ते म्हणत, "नुसती जागी व्हतील येवढीच. मरूस्तवर भाजायला मी हाय की."

हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामा शहरातून दरबारचे पत्र घेऊन आले. शिष्यवृत्ती दुसऱ्या अर्जदाराला मिळाली होती. मी पत्र दोनदा वाचले. छातीत ओळखीची कळ येते का, याची मी थांबून वाट पाहिली. थोडी आली. खोटे का लिहावे? पण ती बसली नाही, गेली. पत्राच्या शेवटी साहेबांनी आपल्या हाताने लिहिले होते की पुढील वर्षी नोंदींसह अर्ज करावा. मी करणार आहे. मला जायचे आहे, आणि त्या तरुणाने कातड्याचे काय काम केले तेही वाचायचे आहे. दोन महिन्यांपूर्वी मी ते वाचले असते ते त्यातली चूक काढण्यासाठी.

"काय म्हनतंय पत्तर?" चाचांनी विचारले.

"या साली नाही म्हणतंय."

"मग शेवटचं आधण तुम्हीच उतरा. मी आज बोलनार न्हाय."

मी उष्णतामापकाकडे पाठ करून उभी राहिले. पाकावरचे बुडबुडे मोठे झाले, मग संथ झाले. मी वाटीत पाक टाकला, गोळी वळली, पितळीवर आपटली. आवाज बद्द आला. थांबले. पुन्हा वळली. या वेळी तो आवाज आला, किंवा आला असे मला वाटले.

"उतरा!"

चौघांनी काहील उचलली. चाचा पाकाकडे पाहत म्हणाले, "वाईच आदी झालं. चालतंय." मी वळून पारा वाचला आणि वहीत लिहिले.

एकशे पंधरा पूर्णांक पाच.